मागून टाकलेला चेंडू

शनिवारी दुपारी रादामेसने घारींच्या संघातल्या एका पोराची नडगी मोडली, आणि तेव्हापासून गावात एकच प्रश्न होता: रविवारी रादामेसला चेंडू कुठे बसणार?

तो काही चुकून लागलेला पाय नव्हता. दुसऱ्या बेसवर पोचताना बुटांचे खिळे वर धरून तो घसरत गेला. हाड मोडल्याचा आवाज तिसऱ्या रांगेत बसलेल्या त्याच्या बायकोला, यानेरिसला, ऐकू आला. वाळलेलं उसाचं कांडं गुडघ्यावर मोडावं तसा. मग दोन्ही संघ मैदानात उतरले. कुणी कुणाचे केस धरले, कुणी लाथा घातल्या. पोलिसांनी दंडुके चालवून गर्दी फोडली तेव्हा रादामेस सगळ्यात खाली सापडला, आणि वरच्या माणसाचा कान त्याच्या दातांत होता.

बेसबॉलमध्ये असल्या भांडणाचा निवाडा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, करतो. त्यांचा माणूस मोडला, आता त्यांचा पिचर आपल्या माणसाला चेंडू मारणार. हा नियम कुठे लिहिलेला नाही आणि कुणी विसरतही नाही.

रविवारी सकाळी यानेरिस पाव आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली, तर तिथे पैजा लागलेल्या.

"काय गं, नवऱ्याला उशी बांधून पाठव आज!"

"उशी कशाला? कुल्ल्यावर मांस कमी आहे का त्याच्या?"

"अरे, फेकणार कोण आहे? सिरिलो! तो कुल्ल्यावर नेम धरतो आणि कानाखाली बसतो त्याचा."

सगळे खो खो हसले. यानेरिसही हसली, कारण हसली नसती तर त्यांना कळलं असतं. कडेवरच्या तान्ह्या लेकाने, आमाउरीने, तिच्या ब्लाउजची गुंडी तोंडात धरली होती. ती सोडवायच्या निमित्ताने तिने मान खाली घातली.

त्यांना माहीत नव्हतं ते असं. गेल्या हंगामात एक उंच उडालेला चेंडू पकडायला मागे मागे धावताना रादामेस सेंटर फील्डच्या, म्हणजे मैदानाच्या पार टोकाच्या, सिमेंटच्या भिंतीवर तोंडाने आदळला होता. चेंडू त्याने सोडला नाही. लोक उभे राहून नाचत होते आणि हा वाकून दात थुंकत होता. डाव्या गालाच्या हाडाचा चुरा झाला. डॉक्टरांनी आत पट्ट्या बसवल्या आणि यानेरिसला बाजूला घेऊन सांगितलं, "पुन्हा इथेच बसला, तर हा डोळा गेला म्हणून समजा." रादामेस उजव्या हाताने बॅट फिरवणारा, पिचरच्या समोर येतो तो हाच गाल. "ही गोष्ट घराबाहेर गेली तर माझ्याशी गाठ आहे," असा दम त्याने तिला भरला होता. डोळा अधू आहे हे कळल्यावर त्याला कुणी बाकावरही बसवलं नसतं.

आणि खेळाखेरीज त्याला येत तरी काय होतं? ऊसतोड्यांच्या वस्तीतला जन्म. तोडणीआधी फड पेटवला की उंदीर सैरावैरा बाहेर पळतात. त्यांना टिपायचं, हा रादामेसचा, सगळ्यांच्या रादचा, आणि त्याच्या बालमित्राचा, सिरिलोचा, पहिला खेळ. राद धावून वाट अडवायचा, सिरिलो दगड फेकायचा. त्या धावण्याने रादला अमेरिकेत नेलं. तिथे मक्याच्या शेतांमधल्या गावांतून बसने फिरत त्याची अर्धी जवानी गेली. मागच्या कठड्यावरून लोक त्याच्या पाठीवर बर्फ, नाणी, शिव्या काय वाट्टेल ते फेकायचे. बाहेरच्या मैदानात उभ्या राहणाऱ्याची पाठ कायम लोकांकडे असते. मोठ्या संघात एकदा, जेमतेम एक उन्हाळा खेळला, तेवढ्यात एका पिचरने त्याची बरगडी मोडली आणि तो बरा होईपर्यंत त्याची जागा दुसऱ्याने घेतली. आता हिवाळ्यात आपल्या गावच्या ‘खेकडे’ संघाकडून खेळायचं आणि उन्हाळ्यात कुणी बोलावतं का, याची वाट बघायची, एवढंच उरलं होतं.

यानेरिसने पाव घरी टाकला आणि मोटरसायकलवाल्याच्या मागे बसून सिरिलोचं घर गाठलं.

सिरिलो अंगणात झुंजीच्या कोंबड्याच्या मांड्यांना रम चोळत बसला होता. त्याची आई, दोन्या तोमासिना, चुलीपाशी हिरवी केळी सोलत होती.

"या, कोमाद्रे! माझ्या लेकराला आणलंत?" कोंबडा काखेत मारून त्याने आमाउरीच्या हनुवटीला बोट लावलं. आमाउरीच्या बाप्तिस्म्याला त्याला हातांवर धरणारा धर्मपिता सिरिलोच. त्या दिवसापासून तो राद आणि यानेरिसचा कोंपाद्रे झाला, ती त्याची कोमाद्रे. उंदीर मारताना एकमेकांच्या आया काढणारे दोघं मित्र तेव्हापासून एकमेकांना अहो-जाहो करत होते.

"आज तुम्ही फेकणार," यानेरिस म्हणाली.

"मीच."

"आणि तुमच्या कोंपाद्रेंना मारणार."

सिरिलो कोंबड्याची तंगडी निरखू लागला. "नाही मारलं तर माझेच लोक मला सोलून काढतील. त्या पोराचं हाड बाहेर आलं होतं, कोमाद्रे. बघितलंत ना? कुल्ल्यावर देतो एक. दोन दिवस पालथे झोपतील, संपलं."

"मागच्या महिन्यात मांडीवर नेम धरलात तो एका पोराच्या गळ्यात बसला."

"तो माझा चेंडू जरा वर चढतो..."

"तेच म्हणते मी." आणि मग जे सांगायचं नव्हतं ते तिने सांगून टाकलं. गाल, पट्ट्या, डोळा. तोमासिनाची सुरी केळ्यावर थांबली.

सिरिलोने कोंबडा खाली सोडला. मग म्हणाला, "मी काय करू मग? जुलाब लागले म्हणून घरी बसू?"

"मागून टाका. त्यांच्या पाठीमागून जाऊ दे. तुमच्या लोकांना दिसेल की तुम्ही फेकलात. लागणार कुणाला नाही."

"तोच सगळ्यात वाईट असतो, कोमाद्रे! अंगावर चेंडू येतोय दिसलं की माणूस मागे सरतो. समोरचा चुकतो त्याने. मागून आलेल्यात मात्र आपण होऊन डोकं घालतो."

"आणि नाही सरला तर?"

"नाही सरला तर वाऱ्याला लागतो."

यानेरिसने आमाउरीला उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. "ह्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

"पोरी," तोमासिना म्हणाली, "लेकराच्या डोक्यावर असलं ओझं घालू नये."

पण सिरिलोने हात ठेवला होता. "शपथ. मागूनच टाकेन. पण त्यांना आधी सांगा, जागचं हलायचं नाही म्हणून. नुसतं उभं राहायचं. सांगाल ना?"

"सांगते," यानेरिस म्हणाली.

घरी राद कुस्करलेल्या केळ्यांबरोबर तळलेली सलामी खात होता. डावीकडचा कप घ्यायला त्याने सगळी मान वळवली. अलीकडे तो असंच करायचा, आणि ती बघायची, आणि बोलायची नाही.

"आज कोंपाद्रे आहेत."

"असू दे की."

"त्यांनी तुला जरा सांभाळून फेकलं तर?"

राद चावायचा थांबला. "सांभाळून म्हणजे?"

"म्हणजे... मित्र आहात तुम्ही."

"हे बघ, मी एकाचा पाय मोडलाय. आज माझी पाळी. मी उभा राहीन, खाईन आणि गुमान पहिल्या बेसवर चालत जाईन. माझ्यावर दया दाखवणाऱ्याला मी माणसांत ठेवणार नाही, मग तो कोंपाद्रे असो नाहीतर पोप असो." त्याने ताटली सारली. "कुणी काही बोललं का तुला?"

"मला कोण बोलणार?"

बाहेर गाडीचा भोंगा वाजला; संघातली दोघं त्याला न्यायला आली होती. दारात तिने त्याची बाही धरली. "राद, आज काही झालं तरी हलू नकोस."

"हलू नको तर चेंडू पकडू कसा? खांब आहे का मी?" तो हसला, आमाउरीच्या टाळूवर ओठ टेकले आणि गेला.

सांगितलं तर होतं तिने. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती स्वतःला हेच बजावत राहिली.

मैदान उतू जात होतं. ढोल, कर्णे, तळणीचा धूर. पहिल्या वेळी राद बॅट घेऊन आला तेव्हा बेसवर खेकड्यांची दोन माणसं होती. चेंडू लागलेल्याला पहिला बेस फुकट मिळतो, म्हणून अशा वेळी मारून कुणी स्वतःचं नुकसान करत नाही. सिरिलोने सरळ चेंडू टाकून त्याला बाद केलं. घारींचे पाठीराखे नाराज झाले. ती नाराजी त्यांनी सेंटर फील्डमधल्या रादच्या पाठीवर काढली. आधी संत्री आली, मग बर्फाचे खडे, मग एक बाटली त्याच्या टाचेशी फुटली. त्याने वळूनही पाहिलं नाही. तेवढ्यात घारींच्या एकाने चेंडू खोल, अगदी भिंतीपर्यंत हाणला. राद मागे धावला. यानेरिसने आमाउरीचं तोंड छातीत दाबलं. राद त्याच भिंतीवर खांद्याने आदळला, खाली पडला आणि हातमोजा वर केला. चेंडू आत होता. कठड्यावरून कुणीतरी त्याच्या डोक्यावर बिअर ओतली. तो जीभ बाहेर काढून ती चाटत परत आला, आणि शिव्या देणारेसुद्धा हसले.

मग त्याची दुसरी पाळी आली. बेसवर कुणी नव्हतं.

ढोल थांबले. सगळ्यांना ठाऊक होतं, आता. शेजारी बसलेल्या मिलाग्रोसने, संघातल्याच एकाच्या बायकोने, यानेरिसचा हात धरला. "डोळे मीट, बाई. एक ठोसा आणि संपलं."

यानेरिसने डोळे मिटले नाहीत. राद उभा राहिला. त्याने बूट जमिनीत रोवले आणि मग मागचा पाय जरासा, वीतभर, मागे सरकवला. निघायच्या तयारीत असलेल्या माणसासारखा. तो सरणार होता. त्याला काही कळलेलंच नव्हतं.

ती उठली. लोकांच्या गुडघ्यांवरून, टोपल्यांवरून, कुणाच्या बिअरवरून पाय टाकत ती लेकरासकट खाली धावली आणि प्रेक्षकांपुढच्या जाळीला जाऊन भिडली.

"राद! हलू नकोस! ते मागून टाकणार आहेत! शपथ घेतलीय त्यांनी, हलू नकोस!"

ढोल नव्हते. तिचा आवाज पार मागच्या कठड्यापर्यंत गेला.

क्षणभर कुणाला काही उमजलं नाही. मग घारींच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "सिरिलो! चेंडू कुठे टाकायचा ते आता कोमाद्रे ठरवणार का रे?" आणि हसू फुटलं, रांगेरांगेतून, छपरापर्यंत. "जेवायला काय सांगितलंय, कोमाद्रे?" "पाळणा बांधा रे मैदानात!" रादने मान वळवून तिच्याकडे एकदा पाहिलं. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

पिचरच्या उंचवट्यावर सिरिलो चेंडू हातात फिरवत उभा होता. त्याचे लोक बाकावरून थुंकत होते: "तोंडावर दे! तोंडावर दे त्याच्या!" त्याने टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली. त्याला शब्द मोडता आला असता. मोडायला सगळं मैदान सांगत होतं. मग पाय उचलून त्याने सगळ्या ताकदीनिशी फेकला.

चेंडू रादच्या मानेमागून गेला आणि जाळीवर आदळला. यानेरिसच्या तोंडासमोर तारा झणझणल्या. राद हलला नव्हता. केससुद्धा हलला नव्हता.

डोळा वाचला. तिला रडू फुटलं. जाळीला कपाळ टेकून ती हुंदके देत होती, आणि चारी बाजूंनी लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते, उश्या उडवत होते. म्हणून राद चालू लागल्याचं तिच्या उशिरा लक्षात आलं.

भांडायला जाणारा माणूस बॅट टाकून जातो. मुठी चालतात, लाथा चालतात. लाकूड चालत नाही. रादने बॅट टाकली नव्हती. तो धावतही नव्हता. शेतावर जावं तसा चालत होता.

सिरिलो पळाला नाही. "कोंपाद्रे," तो म्हणाला, आणि उजवा हात पुढे केला. थांबवायला की समजवायला, कोण जाणे. "अहो, ऐका तरी..."

राद म्हणाला, "तुझ्याकडे भीक मागितली होती मी?"

पहिला घाव कोपरावर बसला. हात उलट्या बाजूला वळला. सिरिलो गुडघ्यावर आला तेव्हा दुसरा खांद्यावर बसला. तिसऱ्यासाठी बॅट वर गेली, पण तोवर दोन्ही बाकांवरची माणसं त्याच्यावर कोसळली. त्याच्याच संघातल्या माणसाने त्याच्या पोटात गुडघा घातला. हसणाऱ्यांचं हसू विरलं आणि लोक जाळीवर चढू लागले. बाटल्या उडाल्या. एक बर्फाची पेटीच वरून आली. यानेरिस आमाउरीला पोटाशी धरून भिंतीच्या खाचेत बसली, आणि तिच्या पाठीवर काय काय आपटत होतं ते तिने पाहिलं नाही.

पोलिसांनी रादला बाहेर नेलं तेव्हा त्याचे दोन्ही हात मागे बांधलेले होते. चालता चालता एकजण त्याच्या मांडीवर दंडुका हाणत होता, सवयीने. तिच्यासमोरून जाताना त्याने मान वर केली. ओठ फाटला होता. डोळे दोन्ही धड होते.

"त्याला गालाचं सांगितलंस?"

"हो."

"बरं," तो म्हणाला, आणि तिच्याकडे पाठ फिरवली.

सिरिलोला चौघांनी उघड्या गाडीत घातलं. हात फळीवर बांधला होता, पण बोटं भलत्याच दिशेला होती. यानेरिस चाकावर पाय ठेवून वर चढू लागली. "कोंपाद्रे, मी येते. मी धरते हात." तो शुद्धीवर होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग आमाउरीकडे, आणि डोळे मिटले. त्याच्या संघातल्या माणसाने तिचा पाय लाथेने चाकावरून पाडला. "उतर, बाई. पुष्कळ केलंस."

मग तिला आठवलं, दोन्या तोमासिना घरी एकटी आहे. कुणा उपऱ्याने जाऊन सांगण्यापेक्षा आपण सांगावं. मोटरसायकलवाला मिळाला. पण प्रत्येक दुकानात रेडिओ चालू होता, आणि प्रत्येक रेडिओवर तेच चाललं होतं: तिचं ओरडणं, लाकडाचा आवाज, कोपर. समालोचक तिची नक्कल करून दाखवत होता.

तोमासिना दारातच उभी होती. मागे घरात रेडिओ.

"फेकायचाच हात?"

"हो."

"कुठून?"

"कोपरातून. दोन्या तोमासिना, मला वाटलं..."

म्हातारीने पुढचं ऐकलं नाही. आमाउरी केव्हापासून किंचाळत होता. तिने त्याला यानेरिसच्या कडेवरून काढून घेतलं. त्याच्या केसांतली काच एकेक करून वेचली, आपल्या झग्याला पुसली. "लेकराला भूक लागलीय," ती म्हणाली, कुणाला उद्देशून नाही, आणि त्याला घेऊन आत गेली.

आतून भांड्यात चमचा फिरल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने आमाउरी रडायचा थांबला. यानेरिस उंबऱ्याबाहेर उभी राहिली. दार उघडंच होतं, पण आत ये असं तिला कुणी म्हणालं नाही.