सातव्या रकान्यातला शब्द

सरकारच्या छाननी शाखेत बावीस वर्षे टंकलेखन करणाऱ्या त्या गृहस्थास सगळी कचेरी 'टकटकराव' म्हणत असे, आणि त्यालाही त्या नावाचा राग येत नसे. कोणत्याही खात्याने नवा नियम करावयाचे योजिले, म्हणजे त्याचा मसुदा प्रथम या शाखेत येई. सोबत नऊ रकान्यांचा छापील तक्ता असे. त्यातील सातवा रकाना असा होता: 'या नियमामुळे कोणाच्या उपजीविकेस बाध येईल काय? येत असल्यास कोणाच्या?'

हा सातवा रकाना म्हणजे खात्यांच्या घशात अडकलेले हाड होते. कोणी तो कोराच सोडी. मग तक्ता परत जाई, परत येई, आणि मसुदा चाळीस-चाळीस दिवस धूळ खात पडे. आठ वर्षांपूर्वी तेव्हाचे साहेब या ढिगाऱ्यावरून सर्वांवर आग पाखडत असता टकटकरावाने भीत भीत एक तोड सुचविली.

"साहेब, शेवटी सगळे 'निरंक'च लिहितात, म्हणजे कोणालाच बाध नाही. आपण तक्ता छापतानाच तिथं 'निरंक' छापून टाकू. ज्याला काही लिहायचं असेल, तो खोडून लिहील."

साहेबांनी त्याची पाठ थोपटली. मसुदे बारा दिवसांत हातावेगळे होऊ लागले. पुढे आठ वर्षांत तो शब्द एकदाही कोणी खोडला नाही, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही; आली असली तरी मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

एके दिवशी आरोग्य खात्याचा मसुदा स्वच्छ प्रत करण्यासाठी त्याच्या मेजावर आला. गाद्या-उशांतील वापरलेला कापूस पिंजून पुन्हा भरण्यास मनाई! चौथ्या ओळीवर त्याची बोटे थबकली. त्याचा थोरला भाऊ हेच काम करीत असे. वडिलांच्या पश्चात याच भावाने त्याला मॅट्रिकपर्यंत शिकविले, टंकलेखनाच्या वर्गात घातले, आणि अद्यापही दरवर्षी धाकट्याची गादी तो स्वतःच्या हाताने उसवून, पिंजून, भरून देत असे. टकटकरावाने सातव्या रकान्याकडे पाहिले. तेथे त्याचाच शब्द ऐसपैस बसला होता. 'वर मोठी माणसे आहेत, ती पाहतील,' असे मनाशी म्हणून त्याने दोन स्वल्पविराम जागेवर बसविले आणि कागद पुढे सरकविला.

नियम प्रसिद्ध झाला. दोन महिन्यांनी तो भावाच्या दुकानी गेला, तेव्हा निरीक्षकाची नोटीस दाराशी चिकटलेली होती.

"या टकटकराव! बसा, पण त्या कापसावर नको. तो आता गुन्हेगार झालाय," भाऊ म्हणाला. त्याच्या भुवयांवर नेहमीप्रमाणे पांढरे तंतू होते.

"तुम्हांला थट्टा सुचतेय!" वहिनी आतून कडाडली. "भाऊजी, तुम्ही तर तिथंच असता. यानं कोणाची चूल विझेल, असं कोणी विचारतच नाही का?"

खरे उत्तर टकटकरावाच्या जिभेवर आले होते, परंतु ते गिळून तो म्हणाला, "विचारतात ना, वहिनी. मोठमोठी माणसं चारी बाजूंनी विचार करूनच ठरवतात. आता काही व्हायचं नाही."

"ऐकलंस?" भाऊ बायकोकडे वळला. "धाकटा सांगतोय म्हणजे संपलं. तो काय आपल्याशी खोटं बोलणार आहे?"

हे वाक्य टकटकरावाच्या काळजात काट्यासारखे रुतून बसले.

पुढच्याच पंधरवड्यात शाखेवर नव्या अधिकारीबाई आल्या. त्यांनी आठ वर्षांचे तक्ते कपाटांतून काढून मेजावर पसरले व सर्वांना बोलाविले.

"चारशे बारा नियम, आणि एकाही माणसाचं काही बिघडलं नाही? आपली ही चाळणी आहे, की नुसतं चाळणीचं कडं? हा शब्द छापायची कल्पना कोणाची?"

जुने साहेब निवृत्त झाले होते. त्यांच्या नावावर बिल फाडणे सोपे होते. तथापि टकटकराव उभा राहिला.

"माझी, बाई." आणि मग बांध फुटावा तसे त्याने कापसाचे, भावाचे, सगळेच सांगून टाकले.

बाई रागावल्या नाहीत; रागावत्या तर बरे झाले असते. त्या म्हणाल्या, "आजपासून तो रकाना कोरा. खाली तीन ओळी आखा. त्या धंद्यातल्या कोणत्या तिघांना विचारलं आणि ते काय म्हणाले, हे लिहिल्याशिवाय मसुदा पुढं जाणार नाही. आणि तुमच्या भावाला हरकत घेता येईल. धंदा चालू असलेल्या कारागिरानं नव्वद दिवसांत अर्ज केला, तर नियम फेरविचाराला येतो. अजून अकरा दिवस आहेत."

हे कलम प्रत्येक नियमाच्या शेवटी असे. त्याने ते स्वतः शेकडो वेळा टंकले होते. ते जिवंत माणसांसाठी असते, हे मात्र त्याला कधी सुचले नव्हते.

अर्ज आणि नवा तक्ता घेऊन तो भर दुपारी धापा टाकीत दुकानी पोहोचला. पिंजण्याचे यंत्र जेथे असे, तेथे फरशीवर चार भोके आणि एक फिकट चौकोन उरला होता.

"काल भंगारवाल्यानं नेलं," भाऊ म्हणाला. "परवानाही परत करून आलो. तूच म्हणालास ना, काही व्हायचं नाही?"

टकटकराव त्या रिकाम्या चौकोनापाशी मटकन बसला आणि त्याने पहिल्यापासून सगळे सांगितले.

"बैल गेला नि झोपा केला," एवढेच म्हणून वहिनी आत गेली.

भाऊ त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "तो शब्द तुझा, हे ठीक. आठ वर्षांपूर्वीची अक्कल ती. पण त्या दिवशी इथं बसून जे बोललास, ते तुला कोणी छापून दिलं होतं रे?"

धंदाच बंद झाल्याने निकामी ठरलेला अर्ज टकटकरावाने घडी घालून खिशात टाकला व नवा तक्ता फरशीवर ठेवला.

भावाने नवा तक्ता उचलून उजेडात धरला. खालच्या तीन कोऱ्या ओळींवरून त्याने बोट फिरविले. "हे मात्र चांगलं केलंत. पुढच्याला उपयोगी पडेल."

टकटकराव निघाला तेव्हा भाऊ सवयीने दारापर्यंत आला. "तुझी गादी यंदा भरायची राहिली. मधे बसली असेल ना?"

"बसली आहे, दादा."

"मग कडेला झोपत जा," भाऊ म्हणाला, आणि त्याने दार लोटून घेतले.