बरणीतलं भाताचं तूस

बरणीत २१४ ग्रॅम माती होती. शिवाय तीन खडे, भाताची दोन तुसं आणि गोगलगायीच्या शंखाचा नखाएवढा तुकडा. मी दोनदा चाळून पाहिलं. मृदाशास्त्राची पदवी नुकतीच हातात आली होती आणि आजोबांच्या वाढदिवसाला त्यांच्या लाडक्या मातीचा अहवाल चौकटीत बसवून द्यायचा माझा बेत होता.

ही माती जपानमधल्या कोशिएन स्टेडियमच्या मैदानातली. शाळांच्या बेसबॉल स्पर्धेत हरलेला संघ तिथे गुडघे टेकतो आणि रडत रडत आठवण म्हणून मूठमूठ माती पिशवीत भरून घेतो. आजोबांचा संघ हरला त्याला बासष्ट वर्षं झाली. बरणी पूर्वजांच्या देव्हाऱ्याशेजारी असते. फुकिए आजी दर ऑगस्टमध्ये ती पुसते. पण कोशिएनची माती काळी, वाळू मिसळलेली. ही पिवळसर आणि चिकट. शिवाय तिथे कोणी भात लावत नाही.

आजोबांना एकटं गाठून मी अहवाल दाखवला.

"आजीला दाखवलास?"

"नाही."

"मग फाड."

हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या दिवशी बाकीची पोरं माती भरत होती आणि आजोबा कमरेवर हात ठेवून उभे होते. "मी अकरावीत होतो, कोयुकी. म्हटलं, पुढच्या वर्षी येणारच आहोत, माती कशाला न्यायची?"

"मग?"

"पुढच्या वर्षी जिल्ह्यातच पहिल्या सामन्यात आडवे झालो. आणि तुझ्या आजीला तर सांगून बसलो होतो, लग्नाला हो म्हणालीस तर कोशिएनची माती तुझी."

"म्हणून शेतातली दिलीत?"

"बांधावरची. शेतातली ओली होती." मग आवाज खाली आला. "मरायच्या आत त्या बरणीत खरी पडली पाहिजे. चिमूटभर का होईना."

तर ऑगस्टमध्ये आम्ही तिघं कोशिएनला, पहिल्या बेसच्या बाजूला बसलो होतो. आजीने बर्फाच्या खड्यांची पिशवी आधी मानेवर ठेवली, मग नळी घालून वितळलेलं पाणी प्यायली. आजोबा सामना सोडून मैदानातल्या मातीकडे बघत होते.

"अहो, चेंडू तिकडे गेला," आजी म्हणाली.

"कुंपण केवढं असेल?" आजोबा माझ्या कानात कुजबुजले.

"तुमच्यापेक्षा उंच."

"हरलेल्या एखाद्या पोराला विचारलं तर?"

"रडणाऱ्या पोराकडे माती मागणार तुम्ही?"

आजोबांनी टोपी काढून हातात धरली.

सातव्या डावात एक चेंडू टप्पा घेऊन मातीत लोळला. फलंदाजामागच्या पोराने तो पँटला जेमतेम पुसून परत फेकला. पुढच्याच फटक्याला तोच चेंडू वर उडाला, प्रेक्षकांना सावध करायला शिट्ट्या वाजल्या, तो पुढच्या पायरीवर आपटला आणि सरळ आजोबांच्या टोपीत आला.

"हा झेल तेव्हा घेतला असतात तर!" आजी म्हणाली.

चेंडूच्या एका अंगाला काळा डाग होता. शाळांच्या सामन्यात चेंडू परत द्यावा लागतो. स्टेडियममध्ये काम करणारी मुलगी हात पुढे करून धावत आलीच. "आजोबा, चेंडू द्या ना."

"देतो की! पण असा मळका कसा देऊ? पुसून देतो." त्यांनी गळ्यातला टॉवेल ओढला.

आजीने त्यांचं मनगट धरलं. "घामाचा नको." तिने पर्समधून इस्त्रीचा पांढरा रुमाल काढला. "ह्याने पुसा. आणि सांडू नका."

आजोबा तिच्याकडे बघतच राहिले.

"शेतकऱ्याची मुलगी आहे मी. तूस ओळखता येत नाही होय मला?"

आजोबांचे कान लाल झाले. त्यांनी चेंडू इतका पुसला, की ती मुलगी म्हणाली, "आजोबा, शिवण निघेल."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी रुमाल कुंचल्याने कागदावर झाडला आणि कागद तराजूत ठेवला.

वाळूमिश्रित काळी माती : ०.०८ ग्रॅम. भाताचं तूस : शून्य.