कानाचा वाटा

रिसबेक वाकून सासऱ्यांच्या हातांवर चंबूतलं कोमट पाणी घालत होता आणि त्याची बायको बुरुल दाराशी उभी राहून लेकीच्या कोटाकडे बघत होती. कोट अजून अंगावरच होता, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. चूल सकाळपासून पेटलेली, खोलीत चांगलंच उकडत होतं, पण नऊ वर्षांची आयपेरी आजोबांना चिकटून बसली होती, कोणी चला म्हणायचा अवकाश, की निघालीच. तिच्या मागच्या भिंतीवरचा टॉवेल घ्यायला रिसबेकने तिच्या डोक्यावरून हात नेला तशी तिने मान खांद्यात ओढून घेतली. त्याने ते पाहिलं. टॉवेल हळूच काढून त्याने सासऱ्यांच्या हातात दिला.

बुरुलचे वडील, म्हातारे कादिराली यांनी निघण्याआधीच तिला निरोप धाडला होता. पोरीला कोणी काही विचारायचं नाही. तिच्या मनात असेल तर ती राहील, नाहीतर जेवण झालं की मी तिला परत घोड्यावर घेईन.

गेल्या हिवाळ्यात मेंढवाड्याचं फाटक आयपेरीकडून उघडं राहिलं आणि कोकरं कुत्र्यांच्या तोंडी गेली. रिसबेकने दाराजवळच्या खुंटीवरचा चाबूक काढला. बुरुल मध्ये पडली, दोन फटके तिलाही बसले. दुसऱ्या दिवशी वर्गात आयपेरी बाकाला पाठ टेकवेना. वेनेरा बाईंनी चारचौघांत काही विचारलं नाही. शाळा सुटल्यावर त्या तिच्याबरोबर चालत घरी आल्या, जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावरचा पाव मोडला, आणि मग रिसबेकला म्हणाल्या की पाठ मी पाहिलीय. पोलिसाला कळवूनच आलेय. पोर सध्या ओढ्यापलीकडे आजोबांकडे राहील आणि तुम्ही दर शुक्रवारी शाळेत यायचं, तिथे आणखीही बाप बसतात. रिसबेक असा ओरडला की कपाटातल्या वाट्या वाजल्या. बाईंनी आपला चहा संपवला आणि मगच उठल्या.

तो गेला तो पोलिसाच्या भीतीनेच. परत आल्यावर बुरुलने विचारलं, तिथे काय करता? तर म्हणाला, बसतो. कित्येक शुक्रवार तो नुसता बसूनच आला. मग एकदा जेवता जेवता म्हणाला की आज मी माझ्या बापाबद्दल बोललो, चाबूक त्याचाच होता. दुसऱ्या दिवशी चुलीची राख काढताना बुरुलला चाबकाच्या मुठीची पितळी कडी सापडली. दाराजवळची खुंटी तेव्हापासून मोकळी होती. राग काही लगेच गेला नाही. पण आता डोकं फिरलं की तो उठून अंगणात जायचा आणि लाकडं फोडत बसायचा. या घराला पुढची तीन वर्षं सरपण पुरेल, असं शेजारीपाजारी म्हणायला लागले होते.

बुरुलला या सगळ्याचं बरं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती. तिच्या एकटीच्या बरं वाटण्याने काय होणार, कोट तर लेकीच्या अंगावर होता.

मांस आलं. रिसबेकचा धाकटा भाऊ कुबात मुद्दाम जेवायला आला होता, आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं. वेनेरा बाईंनाही आज जेवायला बोलावलं होतं; समोर बसलेल्या त्यांच्याकडे बघून त्याने विचारलं,

"काय बाई, आमचा दादा यंदा पास होतोय का? का पुन्हा पहिलीतच?"

बुरुलचा हात परातीवरच थांबला. रिसबेकचे कान लाल झाले. त्याने दाराकडे, अंगणाकडे पाहिलं, पण उठला नाही. बाई शांतपणे म्हणाल्या की जागा आहे, तुम्हीही या शुक्रवारी. कुबातने हाड चोखायला घेतलं.

मेंढीचं मुंडकं रिवाजाप्रमाणे कादिरालींपुढे ठेवलं गेलं. त्यांनी सुरी काढली, गालाचं मांस कापून बाईंना दिलं, मग एक कान कापला. कान पोरांचा. पोरांनी मोठ्यांचं ऐकावं म्हणून तो त्यांनाच द्यायचा, हे काही कोणाला सांगावं लागत नव्हतं. म्हाताऱ्यांनी तो नातीपुढे धरला. आयपेरीने घेतला, पण हातातच ठेवला.

सुरी दुसऱ्या कानावर आली तेव्हा रिसबेकने दोन्ही हात जोडून ओंजळ पुढे केली, लहान मुलं करतात तशी.

"आबा, तो मला द्या."

कुबात हसायला लागला आणि कोणीच हसत नाही म्हणून गप्प झाला. कादिरालींनी जावयाकडे बराच वेळ पाहिलं.

"हा पोरांचा वाटा आहे, बाबा."

"माहीत आहे," रिसबेक म्हणाला. "लहानपणी खाल्ला, पण उपयोग झाला नाही."

म्हाताऱ्यांनी कान कापून त्याच्या ओंजळीत ठेवला. रिसबेक मान खाली घालून चावू लागला. चिवट होता. आयपेरी त्याच्याकडे टक लावून बघत होती. मग तिनेही आपला कान तोंडात घातला, आणि दोघं समोरासमोर बसून, एकमेकांकडे बघत, चावत राहिली. चावता चावता तिला हसू फुटलं. बुरुलने पटकन तोंड फिरवून उगाचच भांड्यावरचं झाकण सारखं केलं.

"उकडतंय," आयपेरी म्हणाली.

तिने एकेक बटण काढलं, कोट उतरवला आणि तो घेऊन दाराकडे गेली. तिचा कोट एरवी खालच्या खिळ्याला असायचा. आज ती मोकळ्या खुंटीपाशी थांबली. टाचा उंचावल्या, तरी हात पुरेना. रिसबेक अर्धवट उठला आणि पुन्हा बसला.

"बाबा, अडकवून दे ना."

तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला. कोट घेऊन त्याचा हात तिच्या डोक्यावरून वर गेला, खुंटीपर्यंत. बुरुल बघत होती. पोरीने मान आत ओढली नाही. कोट नीट बसला की नाही, ते ती वर बघून सांगत होती.

"आणखी थोडा इकडे," ती म्हणाली.

कादिरालींनी आपली चहाची वाटी पुढे सरकवली आणि बुरुलला म्हणाले की चहा ओत, मला काही घाई नाही, जाताना मी एकटाच आहे.