बिनकामाचं चालणं

डॉक्टरीणबाईंनी राघूच्या पोटाला टेप लावली तेव्हा म्हाळसाबाईची मान अभिमानानं ताठ झाली. का होऊ नये? बारा वर्षांपूर्वी याच पोराचं पोट पाठीला लागलं होतं. कानात माणसं बोलतात म्हणायचा, भाकरीत कुणी काहीतरी घातलंय म्हणून ताट सरकवायचा, आणि एक दिवस जो चालत सुटला तो अकरा दिवसांनी आळेफाट्याला एका हॉटेलामागं सापडला, अनवाणी आणि आईलाही ओळख न देता. मग गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या दोन लागू पडल्या नाहीत, तिसरी पडली. कानातली माणसं हळूहळू गप्प झाली आणि राघूला भूक लागायला लागली. मग काय, म्हाळसाबाईनं परातच्या परात पीठ मळलं. आता एकेचाळीस वर्षांच्या राघूच्या शर्टाचं खालचं बटण लागत नव्हतं, आणि त्या पोटाचा इंच न् इंच आपल्या हातचा आहे अशी तिची खात्री होती.

"एकशे आठ सेंटिमीटर," प्रतिभाताई डॉक्टर म्हणाल्या. सरकारी दवाखान्यात महिन्यातून एकदा मनाच्या आजारांसाठी त्या यायच्या.

"आधी लई वाळला व्हता," म्हाळसाबाई म्हणाली. "आता कुठं तब्येत धरलीय."

"मावशी, याला तब्येत म्हणत नाहीत. या गोळीनं भूक वाढते, वजन वाढतं. राघूभाऊ ब्याण्णव किलोंवर गेलेत, साखरही वर गेलीय. मनाचा आजार आवरला आणि माणूस साखरेनं गेला, तर आपण काय मिळवलं?"

राघू टेपेकडे बघत होता. त्याला ती आवडली असावी.

"तीन महिन्यांत पाच किलो उतरवा. साखरेचा चहा बंद, भात अर्धा, आणि रोज एक तास चालायचं. साखर खाली आली नाही तर मला ही गोळी बदलावी लागेल. तुमच्या मनानं मात्र एक दिवसही बंद करायची नाही."

म्हाळसाबाईला चहाचं ऐकू आलं नाही, भाताचंही नाही. गोळी बदलायची, एवढंच ऐकू आलं. दुसरी गोळी लागू पडली नाही तर? कानातली माणसं परत आली तर? आता तिचे गुडघे गेलेले. आळेफाट्यापर्यंत शोधत फिरायचं वय राहिलं नव्हतं.

"चालंल त्यो," ती म्हणाली. "दोन तास चालंल."

आता हे डॉक्टर लोक शहरात शिकलेले. शहरात म्हणे सकाळी माणसं बूट घालून एका जागेवरून निघतात आणि गोल फिरून त्याच जागी येतात, आणि कुणी त्यांना काही विचारत नाही. आमची वस्ती पेठ गावाच्या अलीकडं, हायवेपासून दीड किलोमीटर आत. आमच्याकडं रिकाम्या हातानं रस्त्यानं चालणारा माणूस म्हणजे त्याची गाडी बंद पडलीय किंवा घरात भांडण झालंय. आणि दोन्ही बाबतीत त्याला गाडीवर बसवून घरी सोडणं हे आमच्या माणसांना कर्तव्य वाटतं. नको म्हटलं तरी वाटतं.

पहिल्या दिवशी राघू सकाळी सातला निघाला आणि सव्वासातला परत आला. शेजारच्या जानकूच्या मोटारसायकलवर मागं बसून. हातात गरम वडापाव.

"पायी चालला व्हता बिचारा," जानकू म्हणाला. "म्हटलं, कुठं पाय झिजवतो? नाश्ता बी दिला."

"अरं, त्याला चालायचंच व्हतं," म्हाळसाबाई म्हणाली.

"कशाला?" जानकूनं विचारलं. नुसतं चालण्यासाठी चालायचं होतं, हे सांगायला तिची जीभ रेटेना.

दुसऱ्या दिवशी नारायणगावला टोमॅटो घेऊन निघालेल्या पिकअपनं त्याला उचललं. राघू स्वभावानं असा की समोरच्यानं हात धरला की त्याला नाही म्हणता येत नाही. नारायणगावच्या बाजारात उतरला, दोन जागी चहा प्याला, जीपनं परत आला. दोन्ही चहा साखरेचे. म्हाळसाबाईनं कपाळाला हात लावला.

"उद्या कुनी बस म्हटलं तर सरळ सांग, मला चालायचंय."

राघूनं तिसऱ्या दिवशी तंतोतंत तसंच केलं. चारजणांना म्हणाला, मला चालायचंय. कुठं, असं विचारल्यावर म्हणाला, कुठंच न्हाई. झालं. अर्ध्या तासात म्हाळसाबाईला सात फोन आले. राघूचं पुन्हा सुरू झालं. राघू निघाला बघा, आळेफाट्याकडं तोंड हाय. वस्तीवरच्या सारजाबाईनं दृष्ट उतरायला लिंबू-मिरची काढली. आणि शेवटी जानकू आणि दोन गडी त्याला दोन्ही दंड धरून घरी घेऊन आले, लग्नातल्या रुसलेल्या नवऱ्याला आणावं तसं.

"काकी, गोळ्या देती का न्हाई वेळेवर?" जानकूनं तिलाच दम भरला.

म्हाळसाबाईचा तोल गेला. "ब्याण्णव किलोचं माणूस येडं झालं म्हणून चालत न्हाई रं, डाक्टरनं चालवलंय म्हणून चालतंय," ती म्हणाली. जानकूनं मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. डॉक्टरनं सलाईन लावलं असतं तर त्याला पटलं असतं. चाल म्हणायला डॉक्टर कशाला लागतो?

मग तिनं युक्त्या लढवल्या. राघूच्या हातात विळा दिला, म्हणजे लोकांना वाटेल गवताला चाललाय. लोकांनी विळ्यासकट गाडीवर बसवला. दुधाची किटली दिली. डेअरीपर्यंत सोडला, किटली रिकामी बघून कुणीतरी दूध भरून दिलं, आणि राघूनं वाटेत ते पिऊन टाकलं. दोन आठवडे गेले. वजन म्हणाल तर अर्धा किलो वाढलं. म्हाळसाबाई आता देवापुढं हात जोडायची तर मागणं ठरलेलं. पोराचं पोट घे, पण गोळी राहू दे.

त्याच सुमाराला एकदा जेवताना राघू म्हणाला, "आये, मामाचा एडका लई दिवसांत बघितला न्हाई."

मामा म्हणजे म्हाळसाबाईचा भाऊ दादाभाऊ. अजूनही पन्नासेक मेंढरं राखून होता. आणि एडका म्हणजे त्याच्या कळपातला बिरोबाच्या नावानं सोडलेला काळा नर. देवाला सोडलेल्या जनावराला आमच्यात विकत नाहीत, कापत नाहीत, त्याला हाकलतही नाहीत. तो खातो, झोपतो आणि ज्याच्या अंगणात शिरेल त्याच्याकडून मान घेतो.

म्हाळसाबाईचा घास हातातच राहिला. एडका मोटारसायकलवर बसत नाही. पिकअपमध्ये देवाचा एडका कोंबायची कुणाची छाती नाही. आणि एडक्यामागं चालणाऱ्या माणसाला, का चाललास, असं अख्ख्या आंबेगाव तालुक्यात कुणी विचारणार नाही. ती स्वतःच्या अकलेवर इतकी खूश झाली की राघूला तिनं अर्धा भात जास्त वाढला, आणि मग आठवण झाल्यावर काढून घेतला.

दुसऱ्याच दिवशी दादाभाऊ एडका घेऊन आला.

"फिरवायला पायजे म्हणती?" त्यानं विचारलं. "पायानं धड हाय की."

"डाक्टरनं सांगितलंय," म्हाळसाबाई म्हणाली.

दादाभाऊ गंभीर झाला. "मग फिरवाच."

आता गंमत बघा. राघू एकटा चालत होता तेव्हा वस्तीच्या जिवाला घोर लागला होता. एडक्याची दोरी हातात आली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. जानकूनं गाडी थांबवली, कुठं निघाला म्हणून विचारलं, राघू म्हणाला एडका फिरवतोय, आणि जानकू बरं म्हणून निघून गेला. बायका दारातून भाकरी घेऊन यायच्या. राघूला नाही, एडक्याला. देवाचा म्हणून गूळही द्यायच्या. जो चहा, जी भजी, जो वडापाव इतके दिवस राघूच्या पोटात जात होता, तो मानपान सगळा एडक्याकडं वळला. महिन्याभरात एडक्याच्या मानेला वळी पडली. दादाभाऊ बघायला आला आणि नाराज झाला. "पोराचं पोट काढून माझ्या एडक्याला लावलंस तू," तो बहिणीला म्हणाला.

पण म्हाळसाबाईचं खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नाही. राघू वळणाआड गेला की तो परत येईल याची तिला खात्री वाटायची नाही. बारा वर्षांपूर्वीही तो असाच सकाळी, असाच शांतपणे वळणाआड गेला होता. आता त्याला घरी आणून सोडणारंही कुणी नव्हतं, म्हणून एडका आला त्या दिवसापासून ती त्याच्या मागं जायची. शंभर पावलं अंतर ठेवून, डोक्यावर पदर ओढून. तो थांबला की ती जानकूच्या कांदा साठवायच्या चाळीआड व्हायची, उसाच्या बांधाला बसायची, नाहीतर वाटेत काटक्या वेचायला वाकायची. इतक्या काटक्या वेचल्या की गॅस असून घरात चूल पेटायला लागली. गुडघे रात्रभर ठणकायचे. पण आपण राघूच्या नजरेला एकदाही पडलो नाही, याचा तिला मोठा अभिमान होता.

तिसऱ्या महिन्याला दवाखान्यात राघू वजनकाट्यावर उभा राहिला. म्हाळसाबाईनं डोळे मिटून घेतले.

"साडेअठ्ठ्याऐंशी," प्रतिभाताई म्हणाल्या. त्यांनी रक्ताचा कागद बघितला, परत एकदा बघितला. "साखर चांगली उतरलीय. गोळी हीच चालू ठेवू."

म्हाळसाबाई मटकन बाकावर बसली. तिला रडायचं होतं, पण आधी तिनं गोळीचं पाकीट पिशवीत नीट खाली सरकवलं, कुणी परत मागेल म्हणून.

"पण पाच म्हटले होते, साडेतीनच उतरलेत," डॉक्टर राघूला म्हणाल्या. "रोज तासभर चालता ना?"

"रोज," राघू म्हणाला.

"मग जरा जोरात चाला. घाम यायला हवा. हळू चालता का?"

राघूनं आईकडं बघितलं, मग टेपेकडं.

"जोरात चाललो असतो," तो म्हणाला. "पण आये मागं ऱ्हायली असती. तिचं गुडघं दुखत्यात. ती काटक्या वेचाया बसली की मी एडक्याला थांबवतो."

म्हाळसाबाईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तुला दिसत व्हते मी?"

"पहिल्या दिसापासनं," राघू म्हणाला. "आधीपासनंच लई घाबरती तू. म्हनून तर मामाच्या एडक्याचा विषय काढला. एडक्याला टाकून मी कुठं जानार न्हाई, एवढा तरी तुला भरोसा वाटंल म्हटलं. तरी तू आलीसच."

प्रतिभाताईंनी हसू दाबलं आणि त्या कागदावर काहीतरी लिहीत बसल्या. "मावशी," मग त्या म्हणाल्या, "तुम्हीपण काट्यावर उभ्या राहा." तीन महिन्यांपूर्वी गुडघे दाखवताना याच काट्यावर भरलेल्या वजनापेक्षा म्हाळसाबाई चार किलोंनी उतरली होती. पोरापेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिनं राघूच्या हातात एडक्याची दोरी दिली.

"आज जोरात जा," ती म्हणाली, आणि सुपात तांदूळ निवडायला घेऊन ओट्यावर बसली.

राघू निघाला. कांद्याच्या चाळीपाशी, वळणावर, तो थांबला आणि त्यानं मागं वळून बघितलं. शंभर पावलांवर कुणी नव्हतं. मग त्यानं घराकडं बघितलं. म्हाळसाबाईनं हात हलवून त्याला पुढं जायची खूण केली. राघू वळणाआड गेला.

तिनं तांदूळ निवडले. परत निवडले. तासावर दहा मिनिटं झाली तेव्हा तिसऱ्यांदा निवडत होती, आणि त्यात एकही खडा नव्हता. मग एडक्याच्या गळ्यातली घंटा वाजली. राघू घामानं निथळत अंगणात आला आणि धापा टाकत तिच्याशेजारी ओट्यावर टेकला.

"पार ओढ्यापर्यंत गेलो व्हतो," तो म्हणाला. "मागं कुनीच नव्हतं आज."

"मला कामं न्हाईत व्हय?" म्हाळसाबाई म्हणाली, आणि सूप बाजूला ठेवून तिनं पदरानं आधी त्याचा घाम पुसला, मग स्वतःचे डोळे.