राजुऱ्याहून लॉगिन

रोशनी घुग्घुसच्या एका कोळसा वाहतूक कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायची. २००६ सालच्या त्या रविवारी ती राजुऱ्याला घरी आली होती. दुपारी पाहुणे तिला पाहायला येणार होते. तेवढ्यात वजनकाट्यावरच्या प्रफुलचा फोन आला.

"ताई, स्क्रीन अडकून राह्यली. काटा बंद. ट्रकची लाइन पार रोडवर गेली."

काट्यावरची वजनं ऑफिसातल्या सर्व्हरवर उतरत. "आत्ता येतो," असं आईला सांगून रोशनी नव्या साडीतच चौकातल्या शहबाजभाऊंच्या नेट कॅफेत गेली. मागच्या रविवारी तिने इथूनच सर्व्हरमध्ये लॉगिन केलं होतं. आज मात्र पासवर्ड विचारायची वेळच येत नव्हती. स्क्रीन नुसती थांबून राहायची, मग 'कनेक्शन टाइम आउट'. तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"प्रफुल, तिथून सर्व्हरमध्ये जाता येते का?"

"येते. पण आत सगळं लय हळू चाललं."

म्हणजे सर्व्हर जिवंत होता. तिला बाहेर अडवत होती फायरवॉल, अनोळखी पत्त्यांना सर्व्हरपासून दूर ठेवणारी यंत्रणा. पण काऊन? कॅफेचा इंटरनेट पत्ता तर तिने स्वतः फायरवॉलच्या परवानगीत घातला होता.

मॅनेजर जलालुद्दीन साहेबांचा फोन आला. तिने फायरवॉलची अडचण सांगितली. "ते फायरवॉल बंदच करून टाक नं!"

"बंद केली तं कोणीबी आत शिरन, साहेब."

"ट्रकवाले माह्या डोक्यावर बसले हायेत!"

मध्येच आईचा फोन. पाहुणे येऊन बसले होते. "आलोच," म्हणून रोशनीने फोन ठेवला.

"भाऊ, इथलं काही बदललं का?" तिने विचारलं.

"नाई," शहबाजभाऊ म्हणाले. मग आठवून म्हणाले, "सकाळी लाइन गेलती. मोडेम बंद-चालू केला फक्त."

रोशनीने घाईघाईने कॅफेचा पत्ता तपासला. शेवटचे आकडे वेगळे होते. मोडेम नव्याने जोडला गेला आणि पत्ता बदलला. फायरवॉलसाठी ती आता परकी होती.

मन मारून तिने प्रफुलला फायरवॉलचा पासवर्ड सांगितला आणि नवा पत्ता एकेक आकडा करून लिहायला लावला. तरी लॉगिन होईना. त्याला वाचायला लावलं, तर एक आकडा चुकला होता. तो सुधारला आणि लॉगिनची खिडकी उघडली. आत डिस्क काठोकाठ भरली होती. जुन्या फाइली काढून, सर्व्हर पुन्हा सुरू करून ती वाट पाहत बसली.

"काटा चालू झाला, ताई!" प्रफुल ओरडला.

तिने आधी तो पासवर्ड बदलला, मगच उठली.

घरी पोह्यांच्या बश्या रिकाम्या झाल्या होत्या. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "सुट्टीच्या दिवशीबी असंच पळा लागते का?"

"कधी कधी लागते," रोशनी म्हणाली. खोटं तिला सुचलंच नाही.

पाहुण्यांचा नकार आला. आई, इंदिराबाई, तिच्याशी दोन दिवस धड बोलली नाही. रोशनीलाही वाईट वाटलं. पण घुग्घुसला परतल्यावर मॅनेजरसमोर बसताच ती सरळ मुद्द्यावर आली. "कुठूनबी सुरक्षित आत येता येईन असा रस्ता पायजे, साहेब. पत्त्याच्या भरवशावर आता नाई जमत."

साहेबांनी मान डोलावली आणि ते म्हणाले, "काय लागते ते सांग."