तानाजीसमोर न बिघडणारी मशीन

परळीत औष्णिक केंद्राची राख घरभर बसते, म्हणून दगडाबाईनं वॉशिंग मशीनला वरपासून खालपर्यंत जाड कापडाचं झबलं शिवलं होतं. तरीही मशीन दहा मिनिटांत थांबायची आणि मोटरचा लाल दिवा लुकलुकायचा. मेकॅनिक तानाजी आला की मात्र ती शहाण्या लेकरासारखी चालायची.

तिसऱ्या खेपेला तानाजी हसून म्हणाला, "मावशी, मशीनला काय बी झालं न्हाई. करमत न्हाई म्हणून बोलावता का मला?"

दगडाबाईला ते लई लागलं. आजवर तिला कुणी खोटं ठरवलं नव्हतं. "आज ही बंद पडल्याबिगर तुला जाऊ द्यायची न्हाई," ती म्हणाली.

"मग मी आलोच न्हाई असं समजा. रोज करता तसंच करा."

दगडाबाई उठली आणि तिनं काढून ठेवलेलं झबलं मशीनला पुन्हा चढवलं.

"हे कावून?" तानाजीनं विचारलं.

"रोज असतंच की. पाहुणा येणार म्हटलं की काढते."

तिनं मशीन चालू केली आणि तानाजी घड्याळ बघत बसला. दहाव्या मिनिटाला मशीन थांबली. त्यानं झबल्याखालून मागं हात घातला, तर तिथली जाळी चांगलीच तापली होती.

"वारा लागला न्हाई की मोटर चालवणारं कार्ड तापतं आणि मोटर बंद करतं. मोटर चांगली हाय. फक्त मागची बाजू उघडी ठेवा."

पण दगडाबाई बंद मशीनकडं कौतुकानं बघत होती. "पडली का न्हाई बंद?"

"पडली, मावशी. तुमचंच खरं."

"आणखी एकदा म्हण," ती म्हणाली.