साक्षीदाराची ओळ

आमचं शेंडेफळ वर्षातून दोनदा येतं, आईच्या गळ्यात पडून रडतं आणि चौथ्या दिवशी बॅग भरतं. बाकी वर्षभर फोनवर उंटावरून शेळ्या हाकणं. "ताई, आईला काय हवंय ते विचारलंस का?" विचारायला वेळ तर हवा! गोळ्या, अंघोळ, माझी नोकरी, परत आले की आईचे पाय चेपणं. अकरा वर्षं झाली. आणि आईच्या तोंडी सारखं धाकटी, धाकटी. जळते मी तिच्यावर, सरळ सांगते.

नोकरी इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये. संमतीचे फॉर्म कसे बदलत गेले, ते डॉक्टरांपेक्षा मला जास्त ठाऊक. सगळ्यात खालच्या रॅकवरच्या फायलींत एकच ओळ, नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या सहीची. पेशंटला जागाच नाही. पुढे जागा आली, पण तिथे अंगठा, आणि वरचा मजकूर कुणी वाचून दाखवत नसे. मग 'मला समजेल अशा शब्दांत सांगितले' हे वाक्य आलं. आता हा नवा फॉर्म: मी बोलू शकले नाही, तर माझ्या वतीने अमुक व्यक्ती निर्णय घेईल.

गुरुवारी आईच्या हृदयाची झडप बदलायची होती. वय चौऱ्याहत्तर. शुद्धीवर आलीच नाही, तर मशीनवर किती दिवस ठेवायचं, हे त्या अमुक व्यक्तीने ठरवायचं. फॉर्म मी घरी आणला, सगळा भरला आणि अमुकच्या जागी माझं नाव घातलं. दुसरं कोण असणार? "इथे सही कर," म्हटलं.

आईने चष्मा लावून सगळं वाचलं. मग पेन घेतलं, माझ्या नावावर आडवी रेघ मारली आणि शेजारी शेंडेफळाचं नाव लिहायला लागली. एकेका अक्षराला वेळ लागत होता आणि मी बघत बसले होते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "खाडाखोड केलेला फॉर्म आम्ही घेत नाही."

"रेघेशेजारी सही केली की चालतो. तूच सांगतेस की लोकांना."

"म्हणजे करायचं मी आणि हक्क तिचा? तुझ्या गोळ्यांचे रंग तरी माहीत आहेत का तिला?"

"नाहीत. तू माझ्यासाठी जीव देशील गं, पण मला सोडायची वेळ आली तर सोडणार नाहीस. नळ्या लावून पडायचं नाही मला, हे किती वेळा सांगितलं तुला?"

"असलं अभद्र कोण ऐकणार?"

"तिने ऐकलं. रडली, पण ऐकलं."

तिने ऐकलं! बाबांच्या वेळीही हेच. कॅन्सर होता; मी त्यांना कावीळ म्हणून सांगितलं, डॉक्टरांनाही गप्प बसवलं. बाईसाहेबांनी फोनवर खरं सांगून टाकलं. शेवटचा आठवडा बाबा तिच्याशीच बोलत राहिले, आणि त्यांच्या कानाला फोन धरून बसलेली मी. हे सगळं मी आईला ओरडून ऐकवलं.

आई शांतपणे म्हणाली, "धाकटी झाल्यावर माझी पिशवी काढली. सही तुझ्या बाबांची. मला कळलं टाके काढताना, नर्सकडून. मी चौतीस वर्षांची होते. वाईट नव्हते गं ते. काळजीच होती त्यांना. तुझ्यासारखीच."

आईची ती फाईल आमच्याच खालच्या रॅकवर असणार. इतक्या वर्षांत मी कधी काढून पाहिली नव्हती.

"खाली साक्षीदाराची सही लागते," आई म्हणाली. "तू करशील का? मनात नसेल तर नाही म्हण. शेजारणीला विचारीन."

मनात नव्हतंच. नाही म्हणावं, पेन फेकावं, शेंडेफळालाच बोलवून घे म्हणावं, सगळं ओठांवर आलं. आई वाट बघत होती. तिला घाई नव्हती.

मी सही केली. वर दोन नावं होती. खोडलेलं होतं ते माझ्या अक्षरातलं. दुसरं आईच्या.